बाल्साच्या लाकडाचे विमान कसे बांधतात?



वर्गात पाढे चालू असताना आकाशात विमानाचा आवाज आला की आपल्या सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळतात. मग गुरुजी म्हणतात, "गेलं विमान, आता तेराचा पाढा येऊ द्या." पण मला पुष्कळ दिवस एक प्रश्न पडला होता. एवढे मोठे विमान वर राहते कसे? पडत कसे नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर आजोळी गेले होते. तिथे मी आणि आजोबांनी मिळून एक विमान बांधले. खरे नव्हे, लहान. पण ते हवेत खरोखर उडते. ते कसे बांधले, त्याचे लाकूड कुठले, हे सगळे मी या लेखात सांगणार आहे. लेख थोडा मोठा झाला आहे, पण अर्धा वाचून जाऊ नका. शेवटी तुम्हांला घरी करता येईल असे विमान सांगितले आहे.

खोके सापडले

आजोबांच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे. आजी दिवाळीची साफसफाई करत होती. त्या पेटीत जुन्या वह्या, एक खाकी टोपी आणि एक लांबट पुठ्ठ्याचे खोके निघाले. खोक्यावर पिवळ्या विमानाचे चित्र होते. मी विचारलं, "आजोबा, हे काय?" आजोबा जरा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "अगं, हे माझं विमान. बांधायचं राहून गेलं."

आजोबा कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या हवाई विभागात होते. तिथे मुलांना विमानांचे नमुने बनवायला शिकवतात. १९७९ साली त्यांनी मुंबईहून हे इंग्लंडचे खोके विकत आणले. पण त्याच वर्षी त्यांचे वडील आजारी पडले. आजोबा शिक्षण सोडून शेतीवर आले. खोके माळ्यावर गेले ते तिथेच राहिले. पुढे आईचा जन्म झाला, ती शाळेत गेली, तिचे लग्न झाले, माझा जन्म झाला, तरी खोके माळ्यावरच.

बांधावे की ठेवावे?

खोके उघडायच्या आधी घरात वाद झाला. मामा म्हणाला, "अशी जुनी खोकी जपून ठेवणारे लोक असतात. न उघडलेल्या खोक्याला चांगली किंमत येते. बांधू नका." आजी म्हणाली, "बांधलंत आणि मोडलं तर? खोकंही गेलं आणि विमानही गेलं."

आजोबा म्हणाले, "मी ते खोक्यात ठेवायला आणलं नव्हतं. पण आता माझा हात थरथरतो. मला बारीक कापता येणार नाही."

मी म्हणाले, "मी कापते."

शेवटी असे ठरले की आधी नकाशाची आणि छापलेल्या सगळ्या तुकड्यांची तालुक्याला जाऊन झेरॉक्स काढायची. म्हणजे काही मोडले तरी त्या मापाचा दुसरा तुकडा करता येईल. जुने खोके बांधायचे असेल तर ही पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी. एकदा लाकूड कापले की त्यावर छापलेले माप परत मिळत नाही.

बाल्सा म्हणजे काय?

खोक्यातले लाकूड मी हातात घेतले तर हातात काही आहे असे वाटेचना! मला वाटले थर्माकोल असेल. आजोबा म्हणाले, हे बाल्सा.

बाल्साचे झाड आपल्या रानात होत नाही. ते दक्षिण आणि मध्य अमेरिकेतल्या गरम, पावसाळी जंगलात होते. जगाला सर्वांत जास्त बाल्सा इक्वेडोर हा देश पुरवतो. हे झाड फार भराभर वाढते. पाच-सात वर्षांत ते तोडायला येते. आपला साग तेवढ्या वर्षांत अजून पोरगाच असतो.

भराभर वाढल्यामुळे बाल्साच्या लाकडातल्या पेशी मोठ्या आणि पातळ भिंतींच्या असतात. झाड उभे असताना त्यात पाणी भरलेले असते. तोडल्यावर लाकूड भट्टीत वाळवतात. पाणी जाते आणि पेशींत हवा राहते. म्हणून ते हलके. आता हे गणित बघा. १० सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असा ठोकळा घेतला तर

पाण्याचे वजन भरते १,००० ग्रॅम,
सागाचे सुमारे ६५० ग्रॅम,
आणि बाल्साचे सुमारे १६० ग्रॅम!

म्हणजे एका सागाच्या ठोकळ्याच्या वजनात बाल्साचे चार ठोकळे बसतात. आणि तरी ते लाकूड उभ्या रेषांच्या दिशेने चांगले मजबूत असते. नखाने दाबले तर खळगा पडतो, पण काडी ओढून तुटत नाही.

मला सगळ्यात गंमत कशाची वाटली सांगू? बाल्सा, काटेसावर, कापूस, जास्वंद आणि आपली भाजीची भेंडी ही सगळी एकाच कुळातली आहेत. काटेसावरीच्या बोंडातून जशी म्हातारी उडते, तसाच बाल्साच्या शेंगेतही कापूस असतो. म्हणजे आमचे विमान भेंडीच्या पाहुण्याचे निघाले!

बाल्सा या स्पॅनिश शब्दाचा अर्थ तराफा. तिकडचे लोक फार पूर्वीपासून या ओंडक्यांचे तराफे करून समुद्रात जात. १९४७ साली थॉर हायरडाल नावाचा नॉर्वेचा माणूस पाच सोबती घेऊन बाल्साच्या नऊ ओंडक्यांच्या तराफ्यावर बसला. तराफ्याचे नाव कॉन-टिकी. पेरू देशातून निघून १०१ दिवसांनी तो पॅसिफिक महासागरातल्या एका बेटाला लागला. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने मॉस्किटो नावाचे लाकडी विमान केले. त्याच्या अंगाला प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा घातला होता. आणि आज डोंगरावर पवनचक्क्या फिरतात ना, त्यांच्या बऱ्याच पात्यांच्या पोटातही बाल्साच असतो.

खेळण्यातले विमान खऱ्याच्या आधी उडाले

मला वाटत होते की आधी खरी विमाने झाली आणि मग कोणीतरी खेळणी केली. पण ते उलटे आहे!

१८७१ साली फ्रान्समध्ये पॅरिसच्या बागेत आल्फोन्स पेनो नावाच्या तरुणाने रबराच्या पिळावर चालणारे छोटे विमान उडवले. ते ११ सेकंद हवेत राहिले. त्याच पेनोने रबरावर वर उडणारे एक भिरभिरे केले होते. तसले एक खेळणे १८७८ साली अमेरिकेत एका वडिलांनी आपल्या दोन मुलांना आणून दिले. खेळणे मोडेपर्यंत मुलांनी ते उडवले, आणि मोडल्यावर तसेच दुसरे केले. ती मुले म्हणजे राइट बंधू. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांनी माणूस बसलेले इंजिनाचे विमान प्रथम उडवले. पहिले उड्डाण फक्त १२ सेकंदांचे होते.

पुढे १९२७ साली चार्ल्स लिंडबर्ग एकटाच विमानाने न्यूयॉर्कहून पॅरिसला गेला. मग तिकडच्या मुलांना विमानांचे वेडच लागले. अमेरिकेत गिलोज ही कंपनी १९२६ साली आणि कॉमेट ही कंपनी १९२९ साली निघाली. इंग्लंडमध्ये कील क्राफ्टची खोकी मुले घेऊ लागली. अमेरिकेत १९३० नंतर फार गरिबीचे दिवस आले होते. तेव्हा दहा सेंटला एक विमानाचे खोके मिळत असे. दहा सेंट म्हणजे त्यांचे सुट्टे नाणे. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग हेही लहानपणी विमानांचे नमुने बनवत.

युद्धाच्या काळात १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळांतल्या मुलांना विमानांचे पाच लाख लाकडी नमुने करायला सांगितले. ते उडणारे नव्हते. सैनिकांना आपले विमान कोणते आणि शत्रूचे कोणते हे ओळखायला शिकवण्यासाठी ते होते. म्हणजे शाळेतली मुले किती उपयोगी पडतात बघा!

आमच्या खोक्यात काय होते?

आमचे विमान पायपर कब नावाचे होते. खरे पायपर कब दोन माणसांचे, पिवळ्या रंगाचे असते. त्याचे पंख डोक्यावर असतात. १९३८ ते १९४७ या काळात तसली जवळजवळ वीस हजार विमाने झाली. खऱ्याच्या पंखांची लांबी साधारण ३५ फूट, आमच्या विमानाची साडेसतरा इंच. ३५ फूट म्हणजे ४२० इंच. ४२० ला साडेसतराने भागले की २४ येतात. म्हणजे आमचे विमान खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढे. हा भागाकार मीच केला.

खोक्यात या वस्तू निघाल्या:

१. एक मोठा नकाशा. त्यावर विमान जेवढ्यास तेवढे काढलेले.
२. बाल्साच्या पातळ फळ्या. त्यांवर फासळ्यांचे तुकडे छापलेले.
३. बाल्साच्या काड्या. आगपेटीच्या काडीपेक्षा थोड्या बारीक, पण हातभर लांब.
४. पातळ पिवळा कागद.
५. प्लॅस्टिकचा पंखा, चाके आणि तार.
६. रबराचा लांब पट्टा.
७. डिंकाची नळी.

इतक्या वर्षांनी यातले सगळे चांगले राहत नाही. नळीतला डिंक दगड झाला होता. रबर ओढले तर त्याचे तुकडे पडले. कागद घडीवर फाटत होता. काही काड्या कुरडईसारख्या कडकन मोडत होत्या. म्हणून जुने खोके घेतले की रबर, डिंक आणि कागद नवा घ्यावा. लाकूड एकेक काडी वाकवून बघावे. आम्ही पांढरा फेविकॉल आणि पतंगी कागद आणला. रबर मामाने पुण्याहून आणून दिले. आधी बांधू नका म्हणणारा मामाच रबर घेऊन आला!

बांधायची रीत

पहिली पायरी. नकाशा एका मऊ फळीवर ठेवून टाचण्यांनी पक्का करावा. त्यावर मेणबत्ती घासावी. मेण लावले की सांडलेला डिंक नकाशाला चिकटत नाही. आम्ही मेण लावायला एका ठिकाणी विसरलो तर विमानाची शेपटी नकाशासकट उचलली गेली.

दुसरी पायरी. फळीवरचे छापलेले तुकडे ब्लेडने कापावेत. हे काम मोठे माणूस शेजारी असतानाच करावे. एका दमात कापू नये. हलक्या हाताने दोन-तीनदा ब्लेड फिरवावे, नाहीतर लाकूड रेषेवरून फाटते. मी पहिल्या दिवशी घाई केली आणि दोन फासळ्या फाडल्या. मला रडू आले. त्या १९७९ सालच्या फासळ्या होत्या! आजोबा रागावले नाहीत. ते म्हणाले, "म्हणूनच झेरॉक्स काढली ना आपण?" मग उरलेल्या फळीवर झेरॉक्सचे माप ठेवून आम्ही नव्या फासळ्या कापल्या.

तिसरी पायरी म्हणजे अंग. विमानाच्या अंगाच्या दोन बाजू असतात. नकाशावर काड्या ठेवून, दोन्हीकडून टाचण्या लावून, सांध्याला थेंबभर डिंक लावावा. टाचणी काडीतून आरपार घालू नये, काडी चिरते. पहिली बाजू वाळली की तिच्यावरच दुसरी बांधावी, म्हणजे दोन्ही अगदी सारख्या होतात. मग दोन्ही बाजू उभ्या करून मध्ये आडव्या काड्या लावाव्यात. हे घराच्या वाशांसारखे दिसते.

चौथी पायरी म्हणजे पंख. पुढे एक काडी, मागे एक काडी आणि मध्ये फासळ्या. फासळी वरून फुगीर आणि खालून सपाट असते. दोन्ही पंख मध्ये जोडताना त्यांची टोके थोडी वर उचलावीत. आम्ही प्रत्येक टोकाखाली आगपेटी ठेवली. असे का करतात? उडताना विमान एका बाजूला कलले तर या उचललेल्या पंखांमुळे ते आपोआप सरळ होते. लहान विमानात चालवणारा कोणी नसतो, म्हणून विमानाने स्वतःच सावरायला हवे.

पाचवी पायरी म्हणजे घासणे. सगळा सांगाडा बारीक पॉलिश पेपरने हळू घासावा. डिंकाचे गोळे राहिले तर वजन वाढते आणि कागद नीट बसत नाही.

सहावी पायरी म्हणजे कागद. फक्त कडेच्या काड्यांना पातळ डिंक लावून कागद चिकटवावा. सुरकुत्या राहिल्या तरी घाबरू नये. नंतर त्यावर पाण्याचा बारीक फवारा मारावा. कागद ओला होतो, आणि वाळताना आवळतो. सुरकुत्या जातात आणि पंख तबल्यासारखा ताणला जातो. जुन्या काळी त्यावर डोप नावाचे उग्र वासाचे रोगण लावत. आम्ही ते लावले नाही, कारण आजीने वासाला बंदी केली होती.

माझी चूक

सहाव्या पायरीला मी मोठी चूक केली. आजोबा शेतावर गेले होते. मी पंखाला पाणी मारले आणि लवकर वाळावा म्हणून अंगणात उन्हात नुसता ठेवून दिला. अर्ध्या तासाने बघते तर पंख पापडासारखा वाकडा! कागद एका बाजूने आधी आवळला आणि त्याने लाकडालाही ओढले. वाकडा पंख लावला असता तर विमान गिरक्या घेत खाली पडले असते.

मी पंख पदराखाली लपवला म्हणजे आईच्या साडीखाली ठेवला. रात्री जेवण गेले नाही. शेवटी मी आजोबांना सांगून टाकले. आजोबा म्हणाले, "लपवून पंख सरळ होतो काय?" मग त्यांनी युक्ती सांगितली. पंखाला परत पाण्याचा हात फिरवला, फळीवर सपाट ठेवला, कडेने टाचण्या लावल्या आणि वर पाट ठेवला. रात्रभर तसाच राहू दिला. सकाळी पंख सरळ झाला होता. तेव्हा ध्यानात ठेवा, ओला पंख नेहमी दाबून सावलीत वाळवावा.

विमान वर कसे राहते?

आता माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर. एक पुठ्ठा हातात घ्या. त्याची पुढची कड किंचित वर करून वाऱ्याच्या समोर पळा. पुठ्ठा हात वर ढकलतो. का? तो तिरका पुठ्ठा हवेला खाली लोटतो, म्हणून हवा त्याला वर लोटते. विमानाचा पंखही हेच करतो. तो पुढे जाताना हवा खाली लोटतो आणि हवा त्याला वर धरते. पण त्यासाठी विमान पुढे जात राहिले पाहिजे. थांबले की आधार गेला.

पुढे कोण नेतो? पुढचा फिरणारा पंखा. आणि पंखा कोण फिरवतो? रबर. बेचकी ताणली की तिच्यात जोर साठतो, तसा रबराला पीळ दिला की त्यात जोर साठतो. पीळ सुटताना पंखा फिरतो. रबराचे झाडही मुळात दक्षिण अमेरिकेतलेच. म्हणजे लाकूड आणि इंजिन एकाच मुलखातले! आता मात्र रबराची झाडे आपल्या केरळातही खूप आहेत.

रबर कोरडे पिळले तर घासून तुटते. म्हणून आजोबांनी त्याला एरंडेल लावले. मी म्हणाले, "पोटाला देता ते?" आजोबा म्हणाले, "त्याचंही पोट साफ राहायला पाहिजे."

तोल सांभाळणे

सगळे जोडून झाल्यावर आम्ही विमान किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवले. वजन भरले २८ ग्रॅम. एक रुपयाची सात नाणी घ्या, जवळजवळ तेवढेच वजन होते.

मग तोल बघायचा. दोन्ही पंखांखाली एकेक बोट ठेवून विमान उचलावे. पंखाच्या रुंदीचे तीन भाग केले तर पुढून पहिला भाग जिथे संपतो, तिथे बोटे ठेवल्यावर विमान सपाट राहिले पाहिजे. आमचे विमान शेपटीवर बसत होते. म्हणून नाकात वाटाण्याएवढी माती भरली.

पहिल्यांदा पीळ न देता विमान गवतावर हळू सोडून बघावे. फेकू नये, नुसते पुढे सोडावे. नाक खुपसून पडले तर नाकातली माती कमी करावी. लाटेसारखे वर-खाली झाले तर माती वाढवावी. आम्ही हे काम खळ्याच्या कडक जमिनीवर केले आणि पहिल्याच वेळी चाकाची एक काडी मोडली. पुढच्या वेळी गवतात गेलो. अकरा वेळा सोडल्यावर विमान सरळ तरंगत खाली उतरले.

उड्डाण

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नव्हता. आम्ही सगळे माळावर गेलो. आधी ५० पीळ दिले, मग १००. विमान डावीकडे वळू लागले. पंखा एका बाजूला फिरतो तेव्हा विमानाचे अंग उलट्या बाजूला कलू बघते. म्हणून पंख्याच्या मागे उजवीकडे नाक वळेल अशी एक चिपटी घातली. मग मामाने मोबाइलवर घड्याळ लावले आणि आजोबांनी २०० पीळ दिले. त्यांचा हात थरथरत होता, पण पीळ मात्र एकही चुकला नाही. ते मोठ्याने मोजत होते.

आजोबा म्हणाले, "सोड."

मी म्हणाले, "तुम्ही सोडा. तुमचं आहे."

ते म्हणाले, "पीळ माझा, हात तुझा."

मी सोडले. विमान आधी थोडे खाली गेले. माझ्या छातीत धस्स झाले. मग ते वर उठले! बाभळीच्या वर गेले, उजवीकडे वळले आणि पिवळ्या पंखांवर ऊन पडले. आजोबा चपला तिथेच टाकून त्याच्या मागे धावत सुटले. आजी ओरडत होती, "अहो, काटे आहेत, काटे!" पीळ संपला, पंखा थांबला, तरी विमान पडले नाही. ते तरंगत हरभऱ्याच्या रानात उतरले.

मामाच्या घड्याळात नऊ सेकंद झाले होते. पेनोचे विमान ११ सेकंद राहिले होते. म्हणजे अजून दोन सेकंद कमी आहेत.

आजी म्हणाली, "नऊ सेकंदांसाठी चाळीस वर्षांच्या वर थांबलात!" आजोबा काही बोलले नाहीत. पायातला काटा काढत हसत होते.

त्या दिवशी आम्ही विमान आणखी चार वेळा उडवले. चौथ्या वेळी उजवा पंख बांधाला लागून फाटला. मी आजोबांकडे बघितले. ते म्हणाले, "उडणाऱ्याचाच पंख फाटतो. माळ्यावरच्याचा नाही." आम्ही घरी येऊन ठिगळ लावले. ते ठिगळ अजून दिसते. खोक्याचे झाकण मात्र आजोबांनी भिंतीवर लावले आहे. मामा आता किमतीचे काही बोलत नाही.

आपल्याला करता येईल असे विमान

बाल्सा आपल्या गावात मिळत नाही. पण आपण ज्वारीच्या चिपाडाच्या बैलगाड्या करतोच की! चिपाडाची साल म्हणजे चोया मजबूत आणि आतले भेंड हलके. भेंडाच्या पेशींतही हवाच असते. म्हणून हे विमान चिपाडाचे करा.

१. वाळलेले, सरळ, वीतभर-दीड वीत लांब चिपाड घ्या. हे विमानाचे अंग. ते न सोलता ठेवा.
२. जुन्या लग्नपत्रिकेतून ३० सेंटिमीटर लांब आणि ६ सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. एवढी लांब मिळाली नाही तर दोन तुकडे जोडा. मधोमध दुमडून दोन्ही टोके थोडी वर करा. हे पंख.
३. १२ सेंटिमीटर लांब, ४ सेंटिमीटर रुंद पट्टी ही आडवी शेपटी. तिच्यावर मधोमध एक लहान उभा तुकडा लावा.
४. पंख पुढून तिसऱ्या भागावर दोऱ्याने बांधा, म्हणजे मागे-पुढे सरकवता येतील. शेपटी डिंकाने चिकटवा.
५. नाकाला ओल्या मातीचा गोळा लावून तोल बघा. बोटे कुठे ठेवायची ते वर सांगितले आहे.
६. गवतावर हळू सोडा. चुकले तर एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तर कशामुळे सुधारले ते कळत नाही.

आजोबांचे विमान मी आजोळीच ठेवले आहे, कारण ते त्यांचे आहे. पण चिपाडाचे विमान मी वर्गात आणले आहे. ते या भित्तिपत्रकाशेजारी खिळ्याला टांगले आहे. हात लावला तरी चालेल, पण पंखाला धरू नये, अंगाला धरावे. गुरुजींनी शनिवारी शाळा सुटल्यावर मैदानात विमाने उडवायला परवानगी दिली आहे. ज्याचे विमान जास्त सेकंद राहील त्याचे नाव फळ्यावर लिहिणार आहेत.

आलेल्या पालकांना एक विनंती. तुमच्या घरी माळ्यावर एखादे राहून गेलेले खोके असेल तर ते खाली काढा. हात थरथरत असेल तर आम्ही कापून देऊ.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी